मानसिंगचे डेलिया

विजयमालानं पदराआडचा विळा घट्ट धरला, मधल्या कुंपणाची तार उचलली आणि थोरल्या दिरांच्या, लालासाहेबांच्या, परसात पाय टाकला.

लालासाहेब जीप आणायला कराडला गेले होते. उद्या साताऱ्यात फुलांचं प्रदर्शन. आल्या आल्या डेलिया कापून, बादल्यांत भरून ते निघणार होते.

त्या डेलियांचे कंद तिच्या नवऱ्याचे. मानसिंगनं पलटणीतून सुट्टीवर येताना उटीकडून आणलेले. नवराबायकोनं मिळून डोळा फुटलेले तेवढेच निवडले, शेणखत घातलं, काठ्या रोवल्या, बाजूच्या कळ्या खुडून फांदीला एकच राखली. मग एकाहत्तरच्या लढाईत मानसिंग गेला. तेरावा झाला आणि लालासाहेबांनी तिच्या दारातले कंद उपटून नेले.

"रांडमुंड बाईला फुलं कशाला पायजेत?" भर भावकीत ते म्हणाले होते.

तेव्हापासून ती कुंपणाआडून बघत होती. लालासाहेबांना बक्षिसाच्या ढाली आल्या, गळ्यात हार पडले. आज सकाळी मात्र सगळ्यांत मोठ्या, गर्द लाल फुलापाशी पत्र्याची पाटी दिसली. फुलाला नाव दिलं होतं, 'लालासाहेब'.

पहिला दांडा कचकन तुटला. मग दुसरा. पिवळं, जांभळं, पांढरं फूल मातीत पडत गेलं. तिला धाप लागली, पण हात थांबेना.

"विजे."

मागं बनुबाई उभ्या होत्या. लालासाहेबांची बायको, तिची थोरली जाऊ.

विजयमालानं विळा खाली केला नाही. "बोलवा कुणाला बोलवायचं त्याला, आक्का. आज एक बी ठेवणार न्हाई."

बनुबाई जवळ आल्या. त्यांचं डावं मनगट वाकडं बसलं होतं. गेल्या साली अवकाळी पाऊस आला, फुलांवर छत्र्या लावायच्या राहिल्या, तेव्हा नवऱ्यानं पिरगाळलेलं. आळीत सगळ्यांना ठाऊक होतं.

"आण इकडं."

विजयमालाच्या हातून विळा सुटला. संपलंच सगळं, असं तिला वाटलं.

बनुबाईंनी विळा उचलला आणि त्या पडलेली फुलं ओलांडून थेट पाटीपाशी गेल्या.

"दांडा धर जरा. माज्या एका हातानं व्हईना."

विजयमालानं धरला. बनुबाईंनी एका हिसक्यात फूल कापलं, जावेला खांद्याला धरून पाठमोरं केलं, तिच्या डोईवरचा पदर खाली सारला आणि स्वतःच्या अंबाड्यातले आकडे उपसले. ताटलीएवढं फूल डोक्यात मावेना. त्यांनी ते दाबून बसवलं.

"आक्का, ह्ये काय करताय? लोकं काय म्हणतील?"

"गप उभी ऱ्हा. भावजींनी कुणासाठी आणली हुती ही?"

वळणावर जीपचा भोंगा वाजला. विजयमालाचा हात झटकन डोक्याकडं गेला. बोटांना थंड, जाड पाकळ्या लागल्या. हात तसाच खाली आला.

थोरल्या दिरांसमोर तिनं कधी डोईवरचा पदर ढळू दिला नव्हता. आज तिनं तो परत डोईवर न घेता उजव्या खांद्यावरून पुढं घेतला, कमरेला खोचला आणि फाटकाकडं तोंड करून उभी राहिली.