बोनारिया ऊर्फ केराबाई

चतुराबाईनं सूप झटकलं, कोंडा अंगणभर उडाला, आणि त्या कोंड्यापलीकडून दोघी आत आल्या. एकीनं ओढणी डोक्यावर घेतलेली. दुसरी सावळी, केस मानेवर कापलेले, पायात जाड बूट.

"मावशी, मी फरजाना. अंबडला कॉलेजात शिकवते," ओढणीवाली म्हणाली. "ही पाव्हणी लई लांबून आली. इटलीजवळ समुद्रात एक बेट हाय, सार्डिनिया. तिथं वाढली. पण जन्म इथला. शहागडच्या रोडला लागून तुमच्या गावचा उकिरडा होता ना, तिथं सापडल्ती. एक्क्याऐंशी साली. तुमाला काही याद हाय?"

शेजारची सोनूबाई ओसरीवर शेंगा फोडत बसली होती. तिच्या चिमटीतली शेंग फुटलीच नाही.

"बसा," चतुराबाई म्हणाली. "सोनूबाई, पाणी दे त्यांना."

पाहुणीनं तांब्या तोंडाला लावला. पाणी पिताना तिचा चेहरा वर झाला. नाकाच्या उजव्या पाकळीवर एक बुजलेलं भोक होतं, मोहरीएवढं.

चतुराबाईनं ते एकदा पाहिलं. मग ती ज्वारीतले खडे निवडू लागली.

केराबाई. केर म्हणजे झाडून टाकायचा तो. आधीची लेकरं हाताला लागली नाहीत की पुढच्याला असलं नाव ठेवतात. पोरीचं नाक डाव्या बाजूला टोचायचं तर उजव्या बाजूला टोचतात. सुपात घालून उकिरड्यावर ठेवतात. मरणाला वाटावं, हे तर यांनीच टाकून दिलंय, आपण कशाला वाकायचं? मग ठरलेली बाई येते, उचलते, आणि आई मूठभर ज्वारी देऊन तिच्याकडून लेकरू विकत घेते. तोवर आईनं पाठ करून उभं राहायचं. वळायचं नाही.

त्या दिवशी ठरलेली बाई सोनूबाई होती. नेमका त्याच घटकेला गावात पाण्याचा टँकर आला. दोन घागरी भरते आन् आलेच, असं ती म्हणाली होती.

चतुराबाई पाठ करून उभी. मुठीत ज्वारी. मागं पावलं वाजली, तिला वाटलं, आली सोनूबाई. मग जीप सुरू झाल्याचा आवाज आला.

वळली तेव्हा सूप रिकामं होतं.

कुठल्याशा आश्रमाच्या बाया होत्या म्हणे. लेकरू टाकलेलं दिसलं, त्यांनी उचललं. त्यांचं काय चुकलं? चतुराबाई रस्त्यापर्यंत धावली, तेवढ्यात सासू झुंबरबाईनं मागून तिचा पदर धरला. "जिनं उचलली तिची झाली. आता माझी म्हणलीस तर मरण आइकंल. जगू दे की, कुठंबी."

आधीची दोन याच हातांनी मातीत ठेवली होती. ती थांबली.

"नाव काय हिचं?" चतुराबाईनं विचारलं.

"बोनारिया."

"म्हंजी?"

फरजानानं इंग्रजीत विचारलं. पाहुणी हात हलवत सांगू लागली. लाट, पेटी, टेकडी, सगळं हातांनीच.

"चांगली हवा," फरजाना म्हणाली. "तिथं त्या नावाची टेकडी हाय. वादळात जहाज बुडाया लागलं म्हणून लोकांनी सामान समुद्रात फेकलं म्हणे. एक जड पेटी फेकली आन् वादळ बिलकुल थांबलं. पेटी वाहत टेकडीखाली लागली. उघडली तर आत देवी, लेकरू कडेवर घेतलेली. हिच्या तिकडच्या आजीचं बी नाव तेच होतं. आजीचं नाव नातीला देतात तिकडं. नाव मरू नाही म्हणून."

"इकडं लेकरू मरू नाही म्हणून देत्यात," चतुराबाई बोलून गेली.

फरजानानं तेही इंग्रजीत सांगितलं. पाहुणी पुढं सरकली. तिचा आवाज बदलला.

"ती म्हणते," फरजाना थबकली. "ती म्हणते, पेटी जड झाली म्हणून फेकली. मी कुणाला जड झाले होते? मला फेकलं कुणी, एवढंच सांगा म्हणते."

"अगं चतुरे," सोनूबाईला राहवलं नाही, "सांग की बाई तिला..."

"सोनूबाई, तू शेंगा फोड."

अंगणात कोंबडी आली, कोंड्यात टोचा मारून गेली. चतुराबाईनं सूप मांडीवरून खाली ठेवलं.

"फेकलं न्हाई म्हणावं. ठिवलं होतं. जगावी म्हणून. आधीची दोन गेल्ती तिची."

"कुणाची?"

"हिच्या आईची."

"तुमी वळखत होता आईला?"

"बराबर वळखत होते."

"कुठं असती ती?"

खड्यासोबत चार दाणेही चतुराबाईनं बाहेर टाकले. "गेली. लई दिवस झाले."

फरजानानं हे सांगितलं तेव्हा पाहुणी रडली, पण आली तेव्हा खांदे जसे आवळलेले होते तसे आता नव्हते. बाहीनं डोळे पुसून तिनं काहीतरी विचारलं.

"आईनं नाव ठिवलं होतं का, म्हणते."

"केराबाई."

"केराबाई," पाहुणी म्हणाली. तिची जीभ 'र'वर जरा जास्तच रेंगाळली. पुन्हा म्हणाली, "केराबाई."

तोंडातून 'माझी' निघू नये म्हणून चतुराबाईनं पदराचं टोक दातांत धरलं.

दोघी उठल्या. सोनूबाईनं डोळे पुसले. "पाव्हणीची ओटी तरी भर गं. लेकीला रिकामी घालवू नाही."

चतुराबाईनं सुपातली ज्वारी मुठीत घेतली. पाहुणीनं गळ्यातला रुमाल सोडून पुढं पसरला आणि वाट पाहत राहिली. मूठ रुमालावर आली. तिथंच थांबली. मग चतुराबाईनं सूप सोनूबाईच्या हातात दिलं.

"तू भर."

सोनूबाईनं भरली. पाहुणी वाकून दोघींच्याही पाया पडली. फरजानानं सांगून ठेवलं असावं. दोघी फाटकाबाहेर गेल्या.

"आता कशाचं भेव गं?" सोनूबाई कुजबुजली. "एवढी थोर झाली. माझी म्हणायचं होतंस."

"तिला अजून जगायचंय."

रस्त्यावर जीप सुरू झाली. चतुराबाई पाठ करून उभी होती. सोनूबाईनं तिची मूठ सोडवायला हात धरला, पण ती मूठ उघडेना.