देवाच्या गाईचे दात

नव्या गावठाणातल्या समाजमंदिरापुढे पाय ठेवायला जागा नव्हती. मधोमध झूल घातलेली बुटकी गाय, तोंडाला भगवं फडकं, पायाशी वासरू.

"दीड वर्षाची कालवड, अन् बादलीभर दूध!" क्षीरानंद महाराज गरजले. "भूकंपात धरणी हलली, तसा काळबी हललाय! तीन-तीन वर्षं कशाला वाट बघता? आमचा अंगारा, आमचा नंदी, दहाव्या महिन्यात कालवड गाभण!"

भूकंपानंतर घरं पुन्हा उभी राहिली होती. अक्कल मात्र अजून ढिगाऱ्याखालीच होती. सगळे बसलिंगप्पांकडे बघू लागले. हाळीच्या बाजारात तीस वर्षं जनावरांची दलाली केलेला माणूस. जबडा उघडून दात मोजल्याशिवाय सख्ख्या भावाचाही बैल घेणार नाही, अशी ख्याती.

"देवाच्या गाईचं तोंड उघडू नये," असं म्हणून त्यांनी हात जोडले.

झालं! त्यांच्या भरवशावर दोन-तीन महिन्यांत गावातल्या अकरा कालवडी नंदीकडे गेल्या. बारावी त्यांचीच, सगळ्यांत आधी गेलेली, संकरित, दहा महिन्यांची. मुलगी मंजुश्रीने तिला बाटलीने दूध पाजून वाढवलं होतं.

नऊ महिन्यांनी ती कालवड दिवसभर कळा देत राहिली. वासरू अडलं. गुरांचे डॉक्टर हात घालून थकले. "हिचं कंबरेचं हाडच भरलेलं नाही, वासराला वाट कुठून मिळणार?" वासरू गेलं, मागोमाग कालवडही गेली.

लातूरच्या क्लासवरून सुट्टीला आलेल्या मंजुश्रीने एवढंच विचारलं, "अप्पा, त्या गाईचे दात बघितले होते का?"

बसलिंगप्पांना मान वर करवेना. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पंधरा दिवसांनी महाराज पुन्हा आले. गाय नवी, वय तेच, दीड वर्ष. बसलिंगप्पा गर्दीतून पुढे गेले आणि फडकं ओढलं.

"पाप लागंल! श्रद्धा खोटी म्हणूनच तुझी कालवड मेली!" महाराज ओरडले.

"लागू द्या." त्यांनी जबडा उघडला. "मंजू, मोज."

"चार मोठे दात, अप्पा."

दीड वर्षाच्या जनावराला नुसते दुधाचे दात असतात. चार पक्के म्हणजे वय तीनाच्या घरात. शिंगं ताजी तासलेली. बुटकी पोक्त गाय निवडायची, शिंगं घासायची आणि तोंड झाकायचं, एवढाच तो चमत्कार. चेले गुपचूप झूल गोळा करू लागले.

"दोन-अडीच वर्षाला व्याली तर गाय अंगानं भरती, पुढं वर्षानुवर्षं दूध देती," बसलिंगप्पा म्हणाले. "घाई केली की वाढ खुंटती, दूध आटतं, जीवबी जातो. मला हे ठाऊक होतं. तरी हात जोडले. अंगारा त्यानं दिला, पण तुमच्या गळी मी उतरवला. लाज वाटायलीय मला."

शेजारची सिंधू पुढे आली. तिच्या घरात कमावतं दुसरं कुणी नव्हतं. "मामा, माझी कालवड मागून धाडली होती. आता सातवा महिना हाय. तुमच्याकडं बघूनच धाडली. तिचं काय?"

"चल, डॉक्टरांकडं जाऊ. मी संगं येतो," बसलिंगप्पा म्हणाले. मग गर्दीकडे वळले. "अन् तुम्ही सगळे ऐका. महाराज सांगू दे न्हाईतर मी, नुसत्या शब्दावर जाऊ नका. स्वतः बघा, विचारा, मगच माना."