लाल म्हणजे चालू

मित्रांनो, मी एक जुना राखाडी डबा आहे, जाडजूड पुस्तकाएवढा. मोबाईलचा क्षीण सिग्नल पकडून मोठा करायचा, हे माझं काम. आधीच सांगून टाकतो, मी पहिल्यापासून भित्रा आहे. माझ्या जागी तुम्ही असता तर तुमचीही बोबडी वळली असती. कशी, ते ऐका.

मला एक कान आहे आणि एक तोंड. कान म्हणजे छपरावरची अँटेना. ती लांबच्या टॉवरची कुजबुज ऐकते. तोंड म्हणजे आतली चपटी पट्टी. ती तीच कुजबुज मोबाईलला मोठ्याने सांगते. कान आणि तोंड लांब ठेवायचे, एवढं एकच पथ्य. जवळ आले की मी माझाच आवाज ऐकतो, तो मोठा करतो, पुन्हा ऐकतो. शाळेच्या संमेलनात माईक कर्ण्यासमोर धरला की शिट्टी वाजते ना, अगदी तसं. मग मी स्वतःला बंद करून घेतो आणि लाल दिवा लावतो. तो दिवा म्हणजे माझी बोंब असते. पण बोंब कळणारं कुणी हवं ना!

मला विकत घेतलं जनेलनं, तिच्या आईवडिलांसाठी. वडील ऑरिन टोलमन अमेरिकेतल्या युटा राज्यात, एका छोट्या गावात शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करून निवृत्त झालेले. आई व्हर्ला त्याच शाळेच्या स्वयंपाकघरात होती. आता दोघं ट्रकच्या पाठीवर एवढंसं घर बसवून वाळवंटात हिंडायची. त्या वसंतात ट्रक वाळूत रुतला आणि दोन दिवस त्यांचा पत्ताच नव्हता. जनेलच्या तोंडचं पाणी पळालं होतं. तिनं मला आणून त्यांच्या पुढ्यात ठेवलं.

"छपराला भोक पाडणार नाही!" ऑरिननं ठणकावलं. "आधीच्या घराला एकच भोक पाडलं होतं. पावसानं लाकडाचा भुसा झाला."

"बाबा, डब्याबरोबरच्या या माहितीपुस्तकात लिहिलंय की..."

"पोरी, तुझ्या जन्माआधीपासून मी वायरी ओढतोय. मला पुस्तक वाचून दाखवतेस?"

फ्रिजची गरम हवा जायला छपरावर मागच्या बाजूला एक झाकण होतं. ऑरिननं वायर तिथून आत घेतली. माझा कान झाकणाशेजारी चिकटवला आणि तोंड बरोबर त्याच्याखाली, कपाटाला. मधे हातभरसुद्धा अंतर नाही! तोंडाची उरलेली लांबलचक वायर गुंडाळून बाकाखाली कोंबली. मी मनातल्या मनात ओरडत होतो, अरे बाबा, नको, नको! त्यानं बटण दाबलं. मला माझीच किंकाळी ऐकू आली आणि मी मिटलो. लाल दिवा लागला.

"लागला बघ! झालं काम," ऑरिन म्हणाला.

"लाल का रे पण?" व्हर्लानं विचारलं.

"लाल म्हणजे चालू. इस्त्रीचा दिवा नाही का लाल असतो?"

"इस्त्री तू कधी हातात धरलीस?"

तो हसला आणि त्यानं मोबाईल तिच्या नाकासमोर नाचवला. सिग्नलच्या सगळ्या दांड्या भरलेल्या. भरणारच! गावातला टॉवर त्यांच्या घराच्या मागेच तर होता. माहितीपुस्तक घडी घालून खडखडणाऱ्या कपाटाच्या दारात गेलं.

तिथून माझी खरी भीती सुरू झाली. मी ठार बहिरा आहे हे फक्त मला माहीत होतं, आणि ती दोघं माझ्या भरवशावर निघाली होती. पूर्वी ऑरिन फार आत जायचा नाही. आता "डबा आहे की!" म्हणून तो ट्रक बेधडक आत आत घालायचा.

ऑगस्टमधली गोष्ट. एका कोरड्या नदीच्या काठावर, उंच कातळावर ट्रक लावला होता. निघताना जनेलला जागा सांगून ठेवली होती. ऑरिनला रंगीत दगड गोळा करायचा नाद. दुपारी हातोडी घेऊन तो नदीच्या पात्रात उतरला. ट्रकची किल्ली सवयीनं त्याच्याच खिशात, पण हॉर्न किल्लीशिवायही वाजायचा. त्यांचा एक ठराव होता. एक हॉर्न म्हणजे जेवायला ये, तीन हॉर्न म्हणजे असशील तसा धावत ये.

डोक्यावर आभाळ निळंशार होतं. व्हर्लानं बरणीतले पीच वाडग्यात काढले आणि जनेलला फोन लावला. लागेना. तिनं माझ्याकडे बघितलं.

"लाल म्हणजे चालू म्हणे," ती पुटपुटली. "चालू आहेस तर बोलत का नाहीस रे, मेल्या?"

मित्रांनो, त्या क्षणी मला वाचा असती तर! तिनं मला दोन चापट्या मारल्या. मग काय वाटलं कोण जाणे, कपाटाच्या दारातलं पुस्तक ओढून काढलं, चष्मा चढवला आणि बोट फिरवत वाचू लागली. दुसऱ्या पानावर ती थबकली.

"अगं बाई! हा बंद आहे!" ती किंचाळली. "पहिल्या दिवसापासून बंद आहे!"

तिचा गुडघा दुखरा. छपरावर चढणं जमणारं नव्हतं. पण तिनं डोकं चालवलं. बाकाखालचं वेटोळं सोडलं, माझं तोंड कपाटावरून उपटलं आणि कण्हत, सरपटत ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या पलंगावर चढली. अगदी पुढच्या टोकाला तिनं ते उशीवर ठेवलं. खाली येऊन मला बंद करून पुन्हा चालू केलं. यावेळी मला माझी किंकाळी ऐकू आली नाही. फार लांबून, अगदी क्षीण, टॉवरचा आवाज आला. मी होता नव्हता तेवढा जोर लावून तो पुढे ढकलला. दिवा हिरवा झाला.

मोबाईल पलंगावर नेताच तो टिणटिणायला लागला. चार निरोप, चारही जनेलचे. शेवटचा असा होता: 'आई, वरच्या डोंगरावर ढगफुटी झालीय. पाणी तुमच्याकडे येतंय. नदीत उतरू नका!'

व्हर्लाचा चेहरा पांढराफटक पडला. वाडगा कलंडून पीच जमिनीवर गेले. गुडघा विसरून ती ट्रकच्या पुढच्या भागात धावली आणि तिनं हॉर्न दाबला. एक, दोन, तीन. खालून उत्तर नाही. पुन्हा तीन. मग तिनं हात काढलाच नाही.

"ऑरिन! अरे ऑरिन, ये रे!"

बऱ्याच वेळानं तो खालून कुरकुरत वर चढताना ऐकू आला.

"काय गं, भूक लागलीय का आग लागलीय? इतका छान दगड सापडला होता..."

तिनं काठाशी धावत जाऊन त्याची कॉलर धरली आणि त्याला वर ओढलं. पुढचं बोलायला सवडच मिळाली नाही. आधी घरघर आली. मग वळणावरून चहासारखं तांबडं पाणी आलं, झाडं, दगड, कुणाचं तरी कुंपण घेऊन. तो जिथं बसून दगड फोडत होता ती जागा दिसेनाशी झाली. ऑरिन मटकन खाली बसला.

"मी म्हटलं एक हॉर्न असेल. जेवण झालं असेल म्हटलं," तो म्हणाला आणि लहान मुलासारखा रडला.

घरी परतल्यावर त्यानं स्वतःच्या हातानं छपराला भोक पाडलं. कान पुढच्या टोकाला नेला, तोंड मागच्या टोकाला. माझ्या दिव्याखाली एक चिठ्ठी चिकटवली: 'हिरवा म्हणजे चालू.' पुढची नऊ वर्षं मी इमानेइतबारे काम केलं. जनेल यायची तेव्हा माझ्यावरची धूळ पुसायची.

ऑरिन गेला. घर ट्रकवरून उतरून जनेलच्या अंगणात चार पायांवर उभं राहिलं. मग एका वादळात झाडाची फांदी छपरावर पडली आणि माझा कान मुळातून तुटला. फांदी उचलली गेली, कानाकडे कुणी बघितलं नाही. दिवा मात्र हिरवाच लागतो. माझ्यात वीज आहे आणि किंकाळी नाही, एवढंच त्याला कळतं.

आणि आज ते घर पुन्हा ट्रकवर चढवून जनेल पोरांना घेऊन त्याच वाळवंटात निघाली आहे. सकाळी तिनं बटण दाबलं, चिठ्ठीवरून बोट फिरवलं. तिचे डोळे भरून आले.

"आई, हिरवा आहे बघ. बाबांची चिठ्ठीसुद्धा तशीच आहे. निघतो आम्ही."

पुन्हा तेच! पुन्हा माझ्या भरवशावर!

अंगणात खुर्चीवर बसलेली व्हर्ला काठी टेकत उठली. "दिव्याचं कौतुक मला सांगू नकोस. शिडी आण."

"अगं, बाबांनी लिहिलंय ना!"

"तुझ्या बाबांनी आधी काय सांगितलं होतं तेही मला आठवतंय. वर चढ आणि डोळ्यांनी बघ."

मित्रांनो, यंत्राची काळजी घ्या म्हणजे नुसती धूळ पुसा असं नव्हे. आमचं दुखतं कुठे, ते हात लावून बघा. आम्हाला सांगता येत नाही हो.

शिडी आली. छपरावर जनेलची पावलं वाजली आणि थांबली.

"आई," ती वरून हळूच म्हणाली, "इथे काहीच नाहीये गं."

"मग उतर खाली," व्हर्ला म्हणाली, "आणि पोरांना सांग, आज निघायचं नाही."