नाव लागलं होतं

प्रणालीची एक गोष्ट होती आणि ती सांगायला तिला स्वतःला तोंड उघडावं लागत नसे. सासरी तिचा नवरा अमोल सांगे, शाळेत मुख्याध्यापक सांगत, आणि तिच्या हाताखालच्या खो-खोच्या पोरी तर येईल-जाईल त्याला सांगत. गोष्ट अशी, की सतराव्या वर्षी तेल्हाऱ्याच्या या पोरीचं विदर्भाच्या संघात नाव लागलं. सामने पार ओडिशात होते. जायची तयारी झाली आणि बाप आडवा आला. "लग्नाच्या वयाची पोट्टी मी परराज्यात नाई धाडत," एवढं बोलून नत्थुजी बैल सोडायला निघून गेले. झालं. तिथं तिचं पळणं संपलं. नाहीतर आज प्रणाली भारताकडून खेळली असती.

हे शेवटचं वाक्य कोणी जोडलं, कधी जोडलं, देव जाणे. पण जोडलं गेलं आणि चपखल बसलं. प्रणालीनं ते कधी खोडलं नाही. कशाला खोडेल? अकोल्यातल्या दोन खोल्या, तीन वर्षांचं अंगावर लोंबकळणारं पोर, शाळेतली तासिकेवरची नोकरी, जी दर जूनमध्ये राहते की जाते याचा घोर लागायचा. अशा दिवसांत भांडी घासताना मनात ते वाक्य एकदा फिरवलं की हात हलके व्हायचे. आपण इथल्या नव्हेत, आपल्याला इथं अडवून ठेवलंय, असं वाटायचं. आणि अडवणारा कोण, तेही माहीत होतं.

बापाशी ती त्यानंतर नेमकं तेवढंच बोलली. जेवले का. पाऊस झाला का. आईकडे फोन द्या. लग्नात पाठवणीच्या वेळी आईच्या गळ्यात पडून रडली, बापाच्या नुसती पाया पडली. नत्थुजींनी कधी बोल लावला नाही. "पोट्टीचा राग हाये, राहू द्या," म्हणायचे आणि तंबाखू मळायचे.

त्या नोव्हेंबरात ती शाळेच्या पोरींना घेऊन विभागीय सामन्यांसाठी अमरावतीला गेली. पहाटे भाड्याची क्रूझर गाडी, त्यात एकमेकींच्या मांडीवर बसलेल्या पोरी, डब्यांतल्या लसणाच्या चटणीचा वास. पहिला सामना कसाबसा निघाला. दुसऱ्यात यवतमाळच्या पोरींनी यांना असं पळवलं, की चार वाजायच्या आत सगळं आवरलं. हरलेल्या पोरी कडुलिंबाखाली पाय पसरून बसल्या. प्रणाली पाण्याच्या बाटल्या भरून आणायला नळावर गेली.

ती परत येत होती तेव्हा पोरींजवळ एक म्हातारे गृहस्थ उभे दिसले. पांढरा सदरा, पायात कॅनव्हासचे बूट. चालीवरून तिनं ओळखलं. गोवर्धन सर. विदर्भाचा संघ निवडायचं शिबिर यांनीच घेतलं होतं. आता निवृत्त होऊन इथल्याच राजापेठेत राहत, आणि मैदानावर कोणाचाही, कसलाही सामना असला तरी येऊन उभे राहत. ती हाक मारणार, तेवढ्यात तिच्या संघातली आचल बोलायला लागली. आचल राखीव खेळाडू. दिवसभर तिला मैदानात उतरायला मिळालं नव्हतं, त्यामुळे तिच्या तोंडाला सगळ्यांत जास्त दम उरला होता.

"सर, तुमीच थे गोवर्धन सर काय? आमच्या मॅडमले निवडणारे?"

"कोनती मॅडम व?"

"प्रणाली मॅडम. तेल्हाऱ्याच्या. त्यायच्या वडिलानं जाऊ नाई देल्लं, तं तुमी रडले म्हने."

सर खो-खो हसले. "मी रडलो? बाप्पा! मी सासऱ्याच्या मैतीत नाई रडलो, माही बायको अजून टोमने मारते."

पोरी खिदळल्या. आचलला आणखी चेव आला. "पन मॅडम भारताकडून खेळल्या असत्या ना, सर?"

"भारताकडून?" सर तशाच हसऱ्या तोंडानं म्हणाले, "अवं, तिले तं विदर्भाकडूनही बाकावरच बसाचं होतं."

बोलण्यात काही वाकडं नव्हतं. एखाद्या जुन्या ओळखीच्या माणसाची गंमत सांगावी तसं ते बोलले. मग पोरींचे चेहरे बदललेले पाहून त्यांनी मान वळवली, तर मागे दोन्ही हातांत बाटल्या घेऊन प्रणाली उभी.

चहाच्या टपरीवर सरांनी दोनदा चष्मा पुसला. "तुले माहीत नव्हतं?"

"काय माहीत नव्हतं, सर?"

"नत्थुजीनं काहीच नाई सांगतलं?"

तिनं मान हलवली. तेव्हा घरात एकच मोबाइल होता आणि तो बापाच्या बंडीच्या खिशात असायचा. संध्याकाळी शेतातून आल्यावर बाप ओट्यावर बसून म्हणाला होता, "फोन आल्ता. तुयं नाव लागलं." ती उडी मारून उठली, आणि ती खाली टेकायच्या आत पुढचं वाक्य आलं होतं.

"नाव लागलं होतं, खोटं नाही," सर म्हणाले. "बारा जणी न्यायच्या, खेळतात नऊ. तू बारावी होतीस. आता विचारलंसच तर सांगतो, अकोला जिल्ह्याची एक तरी पोरगी पाहिजे असं वरून सांगणं होतं. नाहीतर..." ते थांबले. "मी फोनवर नत्थुजींना तसंच सांगितलं. म्हटलं, बसावं लागेल, आधीच सांगून ठेवतो, पोरगी तिथं जाऊन हिरमुसायला नको. त्यांनी एकच विचारलं. म्हणे, म्हन्जे बाकीच्या पोट्ट्या खेळतीन अन् माही पोट्टी बॅगा राखीन, पानी पाजीन? म्हटलं, राखीवचं तेच काम असतं. तर म्हणाले, मंग तिले काई सांगजा नोका. मी पाह्यतो."

प्रणालीच्या हातातला चहा तसाच होता. "मी वाईट खेळत होते का, सर?"

"वाईट कायची? तेल्हाऱ्यात तू हरीण होती. पन त्या शिबिरात साऱ्या हरनीच आल्या होत्या ना." सरांनी आवाज उतरवला. "तुझं एक होतं. पाठीवर खो पडला की तू आधी मागं पाह्यची, कोन देऊन राह्यलं म्हनून. तेवढ्यात समोरची निसटून जायची. कितीदा ओरडलो मी तुझ्यावर."

ओरडले होते. तिला लख्ख आठवत होतं. बाकीच्या पोरींपेक्षा तिच्यावर जास्त ओरडत. आणि रात्री सतरंजीवर पडल्या पडल्या ती मनाशी म्हणे, ज्याच्याकडून आशा असते त्याच्यावरच माणूस ओरडतो. दहा वर्षं तिनं ते ओरडणं पदकासारखं जपलं होतं.

"पण जायला हवं होतं तू," सर उठता उठता म्हणाले, आणि हे त्यांनी बोलायला नको होतं. "बसली असतीस तरी प्रमाणपत्र मिळालं असतं. तुझ्या जागी गेलेली पोरगी एक मिनिट मैदानात उतरली नाही. त्या प्रमाणपत्रावर खेळाडूंच्या राखीव जागेवर सरकारी नोकरीला लागली. आज तलाठी आहे."

परतीच्या क्रूझरमध्ये कोणी गाणी म्हटली नाहीत. मूर्तिजापूर गेलं, रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी फुटलेला कापूस अंधारात पांढरा दिसत राहिला. आचल हळूच सरकून जवळ आली.

"मॅडम, मी काई चुकीचं बोलली काय?"

"नाही व. झोप तू."

पोर खरंच झोपली, तिच्याच खांद्यावर. प्रणालीला झोप येत नव्हती. एकाच दिवसात दोन गोष्टी हातून गेल्या होत्या आणि त्या एकमेकींना धरून बसत नव्हत्या. बाप आडवा आला म्हणून आपण मोठ्या झालो नाही, हे खोटं. आपण मोठ्या होणारच नव्हतो. पण बापानं जाऊ दिलं असतं तर आज जूनचा घोर नसता, हे खरं. म्हणजे राग करायचा तर कशाचा? ज्याच्यासाठी इतकी वर्षं केला ते घडलंच नव्हतं, आणि जे घडलं ते बापाला ठाऊकही नव्हतं.

घरी अमोलनं विचारलं, "काय झालं?" ती म्हणाली, "हरलो." खोटं काही बोलली नाही.

रविवारी पोराला घेऊन तिनं तेल्हाऱ्याची एसटी धरली. आईनं दारातच पोराला उचललं. घरात समोरच्या खोलीत आढ्याला टेकेल इतका कापूस भरला होता. पोरानं तो पाहिला आणि आजीच्या कडेवरून उतरून सरळ त्यात उडी घेतली. "अरे, नाकातोंडात जाईन!" म्हणत आई मागं धावली, मग हसायला लागली, मग चुलीवरची भाजी आठवून आत पळाली. नत्थुजी उंबऱ्याशी बसले होते. बाप इतका वाळला कधी, हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं. मानेची कातडी सैल झाली होती.

"जितल्या काय पोट्ट्या?" त्यांनी विचारलं.

"हरल्या."

"चालते. पुढल्या साली."

ती समोर बसली. तंबाखूची डबी उघडली, चुना निघाला, मळणं सुरू झालं. ते मळून होईपर्यंत ती थांबली.

"बाबा, गोवर्धन सर भेटले होते."

अंगठा थांबला. नत्थुजींनी तळहाताकडे पाहिलं, जणू तिथं काही सांडलं होतं. मग चिमूट तोंडात न टाकताच पुन्हा डबीत भरली.

"म्हातारा झाला असन आता," ते म्हणाले.

"झाले."

"लय बोलते का अजून?"

"बोलतात."

कापसाच्या ढिगात पोर वर चढत होतं, घसरत होतं, पुन्हा चढत होतं. दोघंही तिकडे पाहत राहिले, कारण एकमेकांकडे पाहण्यापेक्षा ते सोपं होतं.

"मले का नाही सांगितलं?" तिचा आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा लहान निघाला.

"काय सांगू? सांगाच्या जोगतं होतं का थे?" नत्थुजी म्हणाले. "तालुक्याच्या सामन्यात तू खेळे तवा मी येत होतो. तुले मालूम नाई. तिकडं पान्याच्या टाकीमागं उभा राहो. सारं पब्लिक तुयं नाव घेऊन वरडे. नत्थूची पोट्टी, नत्थूची पोट्टी. मी आयकलं हाये ना या कानानं." त्यांनी नाक शिंकरलं. "अन् तिकडं जाऊन तू लोकायच्या चपला राखत बसशीन? म्हटलं, नाई. त्यापरीस माह्या नावानं खडे फोडशीन. बापाच्या नावानं खडे फोडून कोनी मरत नाई. आपल्यातच दम नाई हे कळलं तं मानूस खचते."

तिच्याजवळ वाक्य तयार होतं. क्रूझरमध्ये तयार झालं होतं, रात्री अंथरुणावर घोटलं गेलं होतं: मी बसले असते ना, तर आज सरकारी नोकरीत असते, बाबा. तुम्ही मला वाचवलं नाही, बुडवलं. ते खरं होतं. बाप हे ऐकून उरलेलं आयुष्य त्या टाकीमागं उभा राहील, हेही खरं होतं. वाक्य ओठांपर्यंत आलं. तिनं ते तिथं धरून ठेवलं, मग गिळलं.

"मी बसली असती, बाबा," ती एवढंच म्हणाली.

"मले पाहवलं नसतं."

"तुमी कुठून पाहणार होते? सामने ओडिशात. तुमी तर इथंच असते."

नत्थुजी हसले. दोनतीन वेळा मान हलवली. मग हसू ओसरलं.

"वावरात दिसलं असतं ना," ते म्हणाले. "बैलामागं डवरं हाकता हाकता दिसलं असतं. तू बसून हायस अन् बाकीच्या पळून राह्यल्या."

दुपार कलत होती. पोर कापसात थकून आडवं झालं होतं, केसांत, भुवयांवर पांढरे तंतू. आतून मोकळं वाटेल असं प्रणालीला एसटीत वाटलं होतं. तसं काही झालं नाही. इतकी वर्षं ज्या भिंतीला पाठ टेकून बसायची ती भिंतच कोणी काढून नेल्यासारखं झालं होतं.

"एक सांगू?" नत्थुजी खाली पाहत म्हणाले. "तू आपली सांगत जाय लोकायले. पयल्यासारखंच. बापानं नाई जाऊ देल्लं म्हनून. मले काई नाई होत. सवय हाये आता."

तिनं बापाकडे पाहिलं. किती तरी वर्षांनी सरळ पाहिलं.

"नाही, बाबा. ते नाही सांगणार आता."

"मंग काय सांगशीन?"

संघात बारावी होते, असं म्हणावं? तेल्हाऱ्यापुरती होते, म्हणावं? अमोलला, मुख्याध्यापकांना, आचलला? तिनं शब्द जुळवून पाहिले, तर प्रत्येक वाक्य आखूड निघायचं. सांगायला घ्यावं तर लगेच संपून जायचं.

आतून आईची हाक आली, "चाला व, भाकर थंडी होऊन राह्यली." नत्थुजी उठले नाहीत. तीही उठली नाही.