शिंगराचा चीक

घोडी व्यायला अजून महिना होता, तोच तिच्या सडांतून दूध ठिबकायला लागलं आणि गाडीवानाच्या अंगावर मूठभर मांस चढलं. येईल त्याला तबेल्यात न्यायचं, घमेल्यात सड पिळायचा आणि धार दाखवायची. समोरच्या कुंभाराची घोडीही गाभण होती. तिच्याबद्दल विहिरीवर चारचौघांत त्यानं सांगून टाकलं होतं, "ती घोडी नव्हे, गाढवाची मावशी."

जनावरांचा डॉक्टर आला, त्याच्या कपाळाला आठी पडली. "इतक्या लवकर दूध उतरणं बरं नव्हे. आत शिंगराभोवतीची जार सुजलीय. औषध देतो, पण कासेला हात लावायचा नाही. हा पहिला चीक आहे, त्यावरच शिंगरू जगतं."

औषध वेळेवर गेलं. हातही बरेच दिवस खिशात राहिला. पण मग साडू आला, आणि साडूला दाखवायचं नाही तर मिळवायचं कशाला? साडूमागून बाकीचे आले.

शिंगरू दिवस भरायच्या आधीच, उजाडताना आलं. काटकुळं, लटपटतं, पण जिवंत. कासेला लागलं, चोखून दमलं. बोलावून आणलेल्या डॉक्टरनं सड दाबला. नुसतं पांढरं पाणी.

"चीक कुठं गेला?"

गाडीवान घमेल्याकडे बघत राहिला. बायको म्हणाली, "साऱ्या गावानं पाहिला. शिंगराचाच नंबर लागला नाही."

"दुपारच्या आत दुसऱ्या घोडीचा आणा," डॉक्टर म्हणाला. "नाहीतर हे टिकत नाही."

कुंभाराची घोडी रात्रीच व्यायली होती. बायकोनं हातात तांब्या दिला.

"आजारानं आटला म्हणून सांगतो," गाडीवान पुटपुटला.

"सांगा की. शिंगरालाही तेच सांगा."

कुंभार चाकावर होता.

"थोडा चीक हवा होता."

"तुमच्या घोडीच्या तर धारा लागल्या होत्या."

गाडीवानाच्या ओठांवर आजार आला, तिथंच अडला. "मीच पिळून घालवला," तो म्हणाला. "मिरवायला."

चाक थांबलं. कुंभारानं मातीचे हात सावकाश धुतले.

"गाढवाच्या मावशीचा चालेल?"

"चालेल."

"चला मग. आमच्या पिलाचं पोट भरलंय. आणि मावशी भाच्याला नाही कशी म्हणेल?"

आपलं शिंगरू कोणत्या जातीत जमा झालं ते गाडीवानाला कळलं. त्यानं मान खाली घालून तांब्या पुढं केला.

शिंगरू जगलं. आता चांगलं दांडगं झालंय. गाडीवान लीद काढत असताना रोज त्याच्या नडगीवर लाथ घालतं. तबेल्यात बाजूला व्हायला भरपूर जागा आहे.

तो होत नाही.