नऊशे ग्रॅमची प्लीहा

त्याने पहिली बरणी फोडली ती माझ्या मिठाच्या द्रावणाची. दुसरी सरांच्या पायाशी फोडली. मग त्याने सरांची गचांडी धरली आणि त्यांचं तोंड फ्रीजच्या दारावर असं आपटलं, की पुढचा दात फरशीवर घरंगळत गेला.

"माझी प्लीहा द्या," तो म्हणाला.

मी काही गरीब गाय नाही. स्टँडचा लोखंडी दांडा उपसला आणि त्याच्या मनगटावर हाणला. हाड वाजलेलं ऐकलं आणि, खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. तो मट्कन खाली बसला. नाकातून भळाभळा रक्त वाहू लागलं. नाकाला तर मी हातही लावला नव्हता.

दांडा उगारलेला ठेवूनच मी त्याचं सगळं ऐकून घेतलं. दीड महिन्यापूर्वी धाकट्या भावाने त्याच्या पोटात लाथ घातली होती. एकच, तीही अनवाणी पायाने. डाव्या बरगड्यांखालची प्लीहा फुटली. डॉक्टरांनी घाईघाईत ती काढली, कागदावर सही घेतली आणि बर्फाच्या डब्यातून संशोधनासाठी आमच्या लॅबमध्ये पाठवली. आता त्याची आई म्हणते, एका लाथेने कुणाचं काही फुटत नसतं, तुझाच कांगावा. तिच्यापुढे फुटकी प्लीहा नेऊन ठेवायची, म्हणजे ती मध्ये पडणार नाही.

"मग त्याला मोजून तुडवणार. घरी कोंडून ठेवलाय. आईला म्हटलं, मी येईपर्यंत कडी काढू नकोस."

मी म्हटलं, तुझी प्लीहा संपली. तिचे तुकडे केले, मिक्सरमध्ये वाटले, मीठ घालून साका खाली बसवला, काचेच्या नळीतून थेंब थेंब गाळला. उरलंय ते बोटभर पाणी, आणि तेही फुकट गेलंय.

फुकट गेलं हेच माझं दुखणं होतं. पेशीच्या आत कचरा कुजवायची एक बारीकशी पिशवी असते. तिच्यातलं एक एन्झाइम माणसाच्या अवयवातून शुद्ध करून काढायचं, ते किती आंबट पाण्यात चालतं, किती उष्णता सोसतं ते मोजायचं, हे माझं काम. या प्लीहेतून एन्झाइम निघालंच नव्हतं. सहा आठवडे सर माझा उद्धार करत होते. तू हात लावशील तिथे माती, म्हणाले होते. मी तीनदा पहिल्यापासून केलं, आणि तीनदा रडले.

त्याने टाका दाखवायला शर्ट वर केला. टाका वीतभर होता, पण मी बघत राहिले ते पोटाकडे. बाकी अंगाची काडी आणि पोट तेवढं नगारा.

"पोट पहिल्यापासून असंच?"

दोघांचंही, तो म्हणाला. आई त्यांना गाडगं-मडकं म्हणते. हा मडकं, धाकटा गाडगं. नाकातून रक्तही दोघांच्या लहानपणापासून येतं, त्यात काय एवढं.

माझ्या हातातला दांडा खाली आला. प्लीहा असते दीडशे ग्रॅमची. याची भरली होती नऊशे. वजनकाट्यावर ठेवली तेव्हा मी सरांना ओरडून सांगितलं होतं, लॉटरी लागली. जितका माल जास्त तितकं एन्झाइम जास्त. ती एवढी का वाढली, हे आम्हा दोन दीडशहाण्यांपैकी एकानेही विचारलं नव्हतं.

मी त्याला दंडाला धरून जांभळ्या दिव्याच्या पेटीपाशी नेलं. सकाळचीच चाचणी होती. एन्झाइम असलं की पाणी निळं चमकतं. एका नळीत बाळंतिणीच्या वारेतून काढलेलं होतं, ते लखलखत होतं. शेजारची काळी होती.

"ही काळी तुझी. तुझ्या अंगात हे जवळजवळ नाहीच. कचरा साठत गेला, यकृत फुगलं, प्लीहा फुगली, ठिसूळ झाली. म्हणून अनवाण्या लाथेने फुटली. तुझी आई खरं बोलते आणि तूही. आता नीट ऐक. हा आजार भावंडांत असतो. त्याची प्लीहा अजून आत आहे. त्याच्या पोटाला बोटसुद्धा लावू नकोस."

तो काळ्या नळीकडे बघत राहिला.

"सकाळी मारली," तो म्हणाला.

"काय मारली?"

"लाथ. बूट घालून. एकच, त्याने मारली तशी. बाकीच्या आईला प्लीहा दाखवल्यावर मारणार होतो." त्याने रक्त पुसलं. "तर नाटकं करायला लागला. लाथ पोटात आणि म्हणतो डावा खांदा दुखतो."

बोलता बोलता त्याचा धड हात स्वतःच्याच डाव्या खांद्यावर गेला. फुटली त्या दिवशी त्याचाही तोच खांदा दुखला होता. धाकट्याचीही फुटलीय, हे मला सांगावं लागलं नाही.

सरांनी रक्ताळलेल्या तोंडाने त्याला पत्ता विचारला आणि फोन करून अँब्युलन्स त्याच्या घरी पाठवायला सांगितली. घरी लाव म्हणून मी त्याचा फोन त्याच्या हातात दिला. त्याला आकडे दाबता येईनात, तेव्हा मी दाबले.

"हळू बोल रे," पलीकडून आई म्हणाली. "सकाळपासून तळमळत होता. आत्ता कुठे शांत झोपलाय."

"आई, त्याला उठव."

"झोपू दे ना मडक्या."

"उठव म्हणतो ना."

फोन खाली ठेवल्याचा आवाज आला. मग दाराची कडी. मग तिने मारलेली हाक. गाडग्या. पुन्हा एकदा, जरा रागावून, गाडग्या. मग तिने त्याला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारली.