डिकीतले बूट

"विकलं म्हणजे? कायमचं?" टोस्टवर लोणी फासता फासता क्लिफने विचारलं.

"घर कुणी तात्पुरतं विकतं का?" लिनेट म्हणाली आणि मिसेस थ्रेलकेल्डचं पत्र तिने पुन्हा पहिल्यापासून वाचून दाखवलं. हॉलोबेक गावातलं ते दगडी घर लीड्सच्या एका जोडप्याने घेतलं होतं. मिसेस थ्रेलकेल्ड मुलीकडे राहायला निघाल्या होत्या. तेव्हा यंदा मे अखेरीच्या लांब सुट्टीला तुमची सोय होणार नाही, माफ करा; इतकी वर्षं आलात, बॉयलर जिवंत ठेवलात, ते विसरणार नाही. सोबत एक पुडकं पाठवते आहे, नव्या मालकांना त्याचं काय.

बावीस वर्षं ही दोघं सोमवारच्या सुट्टीला जोडून शुक्रवारी दुपारी स्टॉकपोर्टहून निघत आणि त्याच घरात चार दिवस विसावा घेत. विसावा आपला म्हणायला. शेकोटीचा धूर धुराड्यातून वर जायच्या ऐवजी खोलीत यायचा, गाद्यांना ओल असायची आणि बॉयलर दर शनिवारी हटकून बंद पडायचा. क्लिफचा जन्म लोकांचे बॉयलर दुरुस्त करण्यात गेलेला, त्यामुळे सुट्टीतही तो पालथा पडून तेच करायचा. मग मिसेस थ्रेलकेल्ड दारात येऊन विचारायच्या, सगळं ठीक ना? आणि दोघं एका सुरात सांगायची, झकास. तक्रार करायची ती घरी परतल्यावर, आणि तीसुद्धा हवेबद्दल.

पत्र वाचून लिनेटला हायसं वाटलं होतं आणि हायसं वाटल्याची लगेच लाज वाटली होती. कारण समोर क्लिफचा चेहरा उतरला होता. त्याला त्या घराचं नसेल, पण तिथल्या डोंगराचं वेड होतं. पहाटे सहाला तो उठायचा, मांजराच्या पावलांनी बाहेर पडायचा आणि दहाला चिखलाने माखलेले बूट हातात घेऊन परत यायचा. या चार तासांत तो काय करतो, हे लिनेटने बावीस वर्षांत विचारलं नव्हतं. चष्म्याच्या दुकानात पुढच्या टेबलाशी बसून ती दिवसाला चाळीस अनोळखी माणसांना त्यांची जन्मतारीख विचारायची. नवऱ्याला एवढं एक विचारायला मात्र तिची जीभ रेटली नाही. तो म्हणाला असता, एकटं बरं वाटतं, तर? जिच्यासोबत नको असतं ती आपणच, हे कानांनी ऐकण्यापेक्षा माहीत नसलेलं बरं, असं तिने ठरवून टाकलं होतं. पण कुतूहल ठरवून मरत नाही. ओलसर गादीवर पडून ती रोज मनातल्या मनात त्याच्या मागोमाग डोंगर चढायची आणि पहिल्या वळणाशी वाट हरवायची.

"मग आता कुठं जायचं?" तिने विचारलं.

"तुला आवडेल तिथं."

"मला काय, कुठंही. तुला?"

"तू म्हणशील तिथं."

याच गतीने बावीस वर्षांपूर्वी हॉलोबेक ठरलं होतं.

लिनेटने लॅपटॉप त्याच्याकडे वळवला. ऑक्टोबरात तिच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन व्हायचं होतं, तेव्हा तिने कालव्याकाठची एक खोली हेरून ठेवली होती. खालचा मजला, बाहेर सपाट वाट, बाकडी, हंस.

"छान आहे," क्लिफ म्हणाला. मग बराच वेळ त्याने टोस्टचा तुकडा बशीत फिरवला. "डोंगर नाही पण."

"डोंगर हवाच का?"

"मग सकाळी मी जाऊ कुठं?"

तो अगदी साधेपणाने बोलला होता, आणि म्हणूनच तिला ते लागलं. म्हणजे जायचं असतंच. घर गेलं, डोंगर गेला, तरी सहा ते दहा त्याला कुठंतरी जायचंच असतं. क्लिफ रोपांना पाणी घालायला मागच्या अंगणात गेला आणि हाताला काहीतरी काम हवं म्हणून तिने पुडकं फोडलं.

आत पाहुण्यांची वही होती. हिरव्या कापडी पुठ्ठ्याची, कोपऱ्यांवर चहाचे डाग. निघायच्या दिवशी प्रत्येक पाहुण्याने तिच्यात चार ओळी लिहायच्या, ही त्या घराची रीत. यांच्यातही पाळी ठरलेली होती. एका वर्षी तो लिहायचा आणि ती गाडीत सामान भरायची, पुढच्या वर्षी उलट. मागची पानं चाळायची नाहीत. ते दुसऱ्याचं पत्र उघडण्यासारखं.

आज वही तिच्याच नावाने आली होती. तिने आधी स्वतःची पानं काढली. सगळी एका छापाची: 'क्लिफला त्याचे एकट्याचे फेरफटके मिळाले. आभारी आहोत.' अकरा वेळा. मग तिने त्याचं पहिलं पान उघडलं.

'सुंदर घर. लिनेटला भरपूर झोप मिळाली. फार दमते ती.'

त्यापुढचं: 'वर तळं आहे. बदकाची आठ पिल्लं होती. लिनेटला दाखवायची होती, पण उठवलं नाही.'

मग: 'तळ्याकाठी सपाट दगड सापडला. दोघांना पुरेल एवढा आहे.'

जे बायकोशी बोलायला जमत नाही, ते पुढच्या पाहुण्यांसाठी लिहायला या माणसाचा हात अडखळला नव्हता. सबंध यॉर्कशरमधून आलेल्या परक्यांनी ते वाचलं असणार. लिनेटने शेवटचं पान उघडलं, गेल्या वर्षीचं.

'तिन्ही दिवस पाऊस. तळ्याकडे गेलो नाही. लिनेटची झोप मोडू नये म्हणून दहापर्यंत डोंगराच्या पायथ्याच्या फाटकापाशी उभा राहिलो.'

ती वही घेऊन तशीच घरातल्या चपला घालून अंगणात गेली.

"मी झोपलेली नसायचे," ती म्हणाली.

क्लिफने झारी खाली ठेवली. "कधी?"

"कधीच. दार लागलं की मी छताकडे बघत पडायचे."

"दाराचा आवाज यायचा नाही. मी कडी उचलून धरायचो."

"तरी यायचा."

त्याने वही ओळखली आणि त्याचे कान लाल झाले. "मग उठली का नाहीस?"

"तू विचारलं नाहीस."

"विचारलं होतं की. पहिल्या सकाळी. तू जा, म्हणालीस."

"टाच सोलली होती माझी. आदल्या दिवशी मुद्दाम नवे बूट घालून गावभर फिरले, तुझ्याबरोबर वर यायचं म्हणून."

"मग सांगायचं ना तसं."

"इतका खुशीत होतास. म्हटलं कशाला विरजण घाला. आणि पुढच्या वर्षी तू विचारलंच नाहीस."

"झोपेचं खोबरं कशाला करायचं म्हणून," तो म्हणाला. "म्हणून दरवर्षी ते बूट आणायचीस? मला वाटायचं, डिकीत विसरलेत."

लिनेटने मनात हिशेब केला. वर्षाला तीन सकाळी, बावीस वर्षं. आकडा आला आणि तिला रडू फुटलं, सरळ उघड्यावर, शेजारची बाई दोरीवर कपडे घालत असताना. क्लिफने खिशातला रुमाल काढला, त्यावर माती होती म्हणून पुन्हा आत ठेवला, आणि मग तसाच हात तिच्या पाठीवर ठेवला.

"तळ्यापर्यंत चढ किती आहे?" डोळे पुसून तिने विचारलं.

"तुझ्या गुडघ्याला नाही झेपायचा." तो खोटं बोलला नाही. "ऑपरेशननंतरही सांगता येत नाही."

"आणि फाटकापर्यंत?"

त्याने कपाटातून नकाशा आणून स्वयंपाकघरातल्या टेबलावर पसरला. घड्या घालघालून तो विरला होता आणि तळ्याच्या जागी आता नुसतं भोक होतं, त्यातून टेबलाचं लाकूड दिसत होतं. क्लिफने पेन्सिलीने गावापासून एक छोटी रेघ ओढली.

"पाव मैल. सपाट. तळं नाही दिसत तिथून. पण वरून पाणी खाली येतं, ते ऐकू येतं."

"मग फाटकापर्यंत."

हॉलोबेकच्या पबमध्ये वरती एक खोली भाड्याने मिळते, हे तिला माहीत होतं. तिने फोन लावला. शुक्रवार ते सोमवार, दोघं जण. पलीकडच्या बाईने विचारलं, नाश्ता आठला चालेल ना?

"दहाला द्या," लिनेट म्हणाली. "आम्ही सहाला बाहेर पडतो."

मग ती जिन्याखालच्या कपाटातून बूट काढून घेऊन आली. एका दिवसानंतर ते पायात गेलेच नव्हते. तळव्याच्या मधल्या पोकळीत दुकानाची चिकटपट्टी अजून शाबूत होती. दुकान मात्र केव्हाच बंद पडलं होतं. टेबलावर वर्तमानपत्र अंथरून तिने बूट पालथे ठेवले आणि नखाने ती पट्टी खरवडायला घेतली.